पाहुण्यापुढें प्रथम काय ठेवावें? — देशोदेशींचीं तोंडीलावणीं आणि आपला हुरडा

पाहुणा घरीं आला म्हणजे त्याच्यापुढें प्रथम काय ठेवावें, हा प्रश्न दिसावयास माजघराचा आहे. परंतु त्याचें उत्तर अखेर शेतांतूनच येतें. उन्हांतून आलेल्या माणसास गूळ-पाणी देण्याची आपली चाल जुनी आहे. ताट वाढण्यास अवकाश असतो, पाहुण्याच्या पोटांत भूक असते, आणि यजमानास दोन शब्द बोलावयाचे असतात. या मधल्या वेळेसाठीं प्रत्येक देशानें हातानें उचलून तोंडांत टाकण्याजोगा कांहीं ना कांहीं लहानसा पदार्थ योजिला आहे. मोठ्या शहरांतील समारंभांत आज अशाच पदार्थांचीं तबकें प्रथम फिरविलीं जातात, व मग पंगत बसते. या तबकांचा आणि परभणी जिल्ह्यांतील काळ्या जमिनीच्या मालकाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो केवळ कौतुकाचा नसून पैशाचाहि आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नांवें निराळीं, काम एकच

फ्रेंच लोक या पदार्थांस जें नांव देतात त्याचा अर्थ ‘मुख्य कामाबाहेरचें’ असा आहे. म्हणजे जेवण हें काम, आणि हें त्याच्या बाहेरचें. इटालियन लोकांचें ‘आन्तिपास्तो’ म्हणजे सरळ ‘जेवणापूर्वींचें’. स्पेन देशांत त्यांस ‘तापास’ म्हणतात. ‘तापा’ म्हणजे झांकण. पेल्यावर पावाचा किंवा मांसाचा तुकडा झांकण म्हणून ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. रशियन ‘झाकुस्का’ हा शब्द दांतानें तोडण्याच्या क्रियेवरून आला आहे. दक्षिण चीनमध्यें चहाबरोबर वाफवलेल्या लहान लहान करंज्या देतात. त्यांच्या ‘दिम सम’ या नांवाचा अर्थ ‘हृदयास स्पर्श’ असा करतात.

यांत मराठी माणसास सर्वांत जवळचें नांव तुर्कस्तान, सीरिया व लेबनान या देशांतील आहे. तेथें जेवणाच्या आरंभीं वीस वीस लहान वाट्या मांडतात. त्यांत वाटलेला हरभरा, तिळाचें वाटण, भाजलेलें वांगें, दह्याचा चक्का, जैतुनाचीं फळें असें नानाविध असतें. या मांडणीस ‘मेझे’ म्हणतात. मूळ फारशी शब्द ‘मझा’, अर्थ ‘चव’. आपण ज्या शब्दानें ‘मजा आली’ असें म्हणतों, तोच हा शब्द. त्या लोकांनीं तो वाट्यांपुरता ठेविला, आपण तो सर्व सुखाला लाविला, इतकाच भेद.

या पदार्थांचे दोन वर्ग सहज पडतात. एक वर्ग श्रीमंती थाटाचा: स्टर्जन माशाचीं अंडीं, खाऊ घालून फुगविलेल्या बदकाचें काळीज, दुर्मिळ अळंबी. यांचें महत्त्व मुख्यतः किंमतींत असतें. दुसरा वर्ग शेताच्या बांधावरचा: कोंवळें कणीस, हिरव्या शेंगा, भाजलेले दाणे, वाटलेलें कडधान्य. हा वर्ग अधिक जुना असून जगांत अधिक पसरलेला आहे. आणि आश्चर्य असें कीं, शहरांतील चोखंदळ लोकांची रुचि अलीकडे त्याच्याकडेच वळत आहे. आपला प्रश्न या दुसऱ्या वर्गाशीं आहे.

हुरड्याचीं भावंडें

धान्य पुरतें पिकण्यापूर्वीं, दाणा दुधांतून पिठांत जात असतां तोडावें, विस्तवावर धरावें आणि चोळून खावें, ही युक्ति केवळ आपली नाहीं. जेथें जेथें धान्य पिकलें तेथें तेथें ती मनुष्यास सुचली आहे.

लेबनान, सीरिया, पॅलेस्टाईन, ईजिप्त या देशांत हिरवा गहूं कापून थोडा वाळवितात व त्याच्या राशीस जाळ लावितात. जाळ इतक्या बेतानें लाविला जातो कीं, काड व तूस जळून जावें, पण आंतील ओलसर दाणा जळूं नये. मग तो चोळून, पाखडून व वाळवून वर्षभर ठेवितात. त्यास ‘फरीक’ म्हणतात, व हें नांव ‘चोळणें’ या अर्थाच्या अरबी धातूवरून आलें आहे. आपल्याकडील गव्हाच्या ओंब्या भाजून तळहातावर चोळणारा शेतकरी आणि तो अरब शेतकरी यांची क्रिया एकच. परंतु त्यानें ती वाळवून टिकाऊ केली, म्हणून आज त्याचा हिरवा गहूं दूरदेशच्या दुकानांत पुड्यांत विकला जातो, व आपल्या ओंब्या बांधावरच संपतात.

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांत ‘स्पेल्ट’ नांवाचा एक जुना गहूं आहे. पावसाळी हवेमुळें पीक हातचें जाऊं नये म्हणून तेथील शेतकरी तो हिरवाच कापून लाकडाच्या धगीवर वाळवूं लागले. पुढें त्याची धुरकट चवच लोकांस आवडूं लागली. संकटांतून निघालेली ही युक्ति आज त्या भागाची ओळख झाली आहे. मेक्सिकोमध्यें मक्याच्या कोंवळ्या कणसास ‘एलोते’ म्हणतात. हा शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या नाव्हात्ल भाषेंतील आहे. भाजलेल्या कणसावर लिंबू, मीठ, तिखट व चुरलेलें चीज घालून तें रस्त्यावर विकतात.

जपानी लोक सोयाबीनच्या भरल्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यांत उकळून पाहुण्यापुढें ठेवितात. शेंग ओठांत धरून दाणे तेवढे काढून घ्यावयाचे. त्यांस ‘एदामामे’ म्हणजे ‘फांदीवरचे दाणे’ म्हणतात. आपल्या जिल्ह्यांत पौष महिन्यांत मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा ज्यानें खाल्ल्या आहेत, त्यास यांत कांहींच नवल वाटणार नाहीं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत भुईमुगाच्या ओल्या शेंगा अशाच उकडून खातात. दक्षिण कॅरोलिना संस्थानानें तर २००६ सालीं कायदा करून त्यांस आपला अधिकृत फराळ ठरविलें.

घराजवळ यावयाचें तर सुरत शहर आहे. तेथें ज्वारीच्या हुरड्यास ‘पोंक’ म्हणतात. हिंवाळ्यांत तापी नदीच्या कांठीं पोंकाचीं दुकानें लागतात. लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर तो विकला जातो, व त्याचे वडेहि करितात. सुरतेच्या लोकांनीं हुरड्याचा बाजार केला. आपल्याकडे त्याचा मुख्यतः सोहळाच राहिला. सोहळा वाईट नाहीं. परंतु ज्याच्या शेतांत तो होतो त्याच्या हातीं कडब्याखेरीज कांहीं उरावें, ही अपेक्षा अनुचित म्हणतां येणार नाहीं.

आपल्या भूमीचा अधिकार

गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील आपली काळी जमीन पावसाचें पाणी धरून ठेविते. म्हणूनच पावसाळा संपल्यावर केवळ ओलीवर व थंडीवर रब्बी ज्वारी येथें उभी राहते. ज्वारीचें व या जिल्ह्याचें नातें शास्त्रीय अभ्यासाच्या दृष्टीनेंहि जुनें आहे. हैदराबाद संस्थानच्या काळांत १९१८ सालीं परभणी येथें मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू झालें. पुढें १८ मे १९७२ रोजीं मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें व २०१३ पासून तें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ या नांवानें ओळखलें जातें. येथूनच ‘परभणी मोती’सारखे वाण निघाले, आणि लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इक्रिसॅट हिच्या सहकार्यानें प्रसारित झाला.

असें असतांहि ज्वारीचें क्षेत्र कमी होत गेलें आहे. खरीप ज्वारी काढणीच्या सुमारास पावसांत सांपडून काळी पडते; तिची जागा सोयाबीन व कापूस यांनीं घेतली. रब्बी ज्वारीस काढणी, खुडणी व मळणी यांसाठीं माणसें लागतात, पांखरें राखावीं लागतात, आणि भाव मात्र कष्टांच्या मानानें चढत नाहीं. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, व शहरांत ज्वारीची स्तुति पुष्कळ झाली. परंतु स्तुतीनें पेरा वाढत नाहीं, हिशेब जमला तरच वाढतो. हुरडा हा त्या हिशेबाचा एक लहान, पण हातांतला आंकडा आहे.

हुरडा गोड कां लागतो व कोणता पेरावा

कणसांत दाणा भरूं लागतो तेव्हां पानांत तयार झालेली साखर त्यांत उतरते. आरंभीं दाणा दुधाळ असतो. नंतर त्या साखरेचें पिष्ट होऊं लागतें व दाणा घट्ट होतो. दूध सरलें आहे, पीठ अजून मऊ आहे, साखर बरीच शिल्लक आहे, अशा मधल्या अवस्थेस आपण हुरडा म्हणतों. फुलोऱ्यानंतर साधारण ३ आठवड्यांनीं ती येते व एका कणसांत फार तर आठवडाभर टिकते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे: दाणा नखानें दाबिला असतां पातळ दूध उडालें तर कोंवळा, नख रुतून ओलसर पीठ दिसलें तर योग्य, नख अडखळलें तर वेळ गेली. तोडलेल्या कणसांतहि साखर कमी होण्याचें काम चालूच राहतें. यास्तव सकाळीं तोडलेलें कणीस त्याच दिवशीं भाजावें. दुसऱ्या दिवशींच्या हुरड्यास ती गोडी राहत नाहीं.

भाकरीची ज्वारी व हुरड्याची ज्वारी यांत फरक आहे. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवडलेली मालदांडी भाकरीस उत्तम. तिचाहि हुरडा खातात, परंतु तिचा दाणा तुसांतून सहज सुटत नाहीं. हुरड्यासाठीं दाणा गोड, रसाळ व चोळतांच तुसांतून मोकळा होणारा हवा. जुन्या गांवठी जातींपैकीं सुरती, गुळभेंडी, कुचकुची व काळी दगडी या नांवाजलेल्या आहेत. कित्येक घरीं यांचें मूठभर बियाणें वर्षानुवर्षें राखलेलें असते. तें संपूं देऊं नये. सुधारित वाणांपैकीं राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’, आणि आपल्या विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्यासाठीं निवडलेले आहेत. हे सर्व साधारण ९० ते १०० दिवसांत हुरड्यास येतात.

पेरणी एकदम करूं नये. भाद्रपदाच्या अखेरपासून, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून, ८ ते १० दिवसांच्या अंतरानें तीन तुकडे पेरावे. असें केलें म्हणजे हुरडा आठवडाभर न मिळतां जवळ जवळ महिनाभर मिळतो. एकट्या अगोदर पिकणाऱ्या तुकड्यावर सर्व शिवारांतील पांखरें तुटून पडतात. म्हणून हा तुकडा वस्तीजवळ किंवा विहिरीजवळ, जेथें माणसांचा राबता असेल तेथें घ्यावा.

भाजण्याची रीति व तोंडीं लावण्याच्या वस्तु

जमिनींत वीतभर खोल आगटी करून तींत गोवऱ्या पेटवाव्या. जाळावर कणीस धरूं नये. गोवऱ्यांचा निखारा होऊन वर राख आली म्हणजे त्या उष्ण राखेंत कणसें खुपसावीं व फिरवीत राहावें. तूस काळसर होऊन गोड वास सुटला कीं कणीस बाहेर काढून झटकावें, आणि गोणपाटाच्या स्वच्छ तुकड्यांत धरून गरम असतांनाच चोळावें. सुपांत पाखडून लगेच पाहुण्याच्या हातावर द्यावें. थंड हुरडा चिवट होतो. ज्वारी कितीहि उत्तम असली तरी भाजणारा व चोळणारा यांच्या हाताची चपळाईच शेवटीं चव ठरविते.

तोंडीं लावण्यास बाहेरून कांहींच आणावें लागत नाहीं. शेंगदाणे, तीळ, जवस व कारळे यांच्या लसूण घातलेल्या कोरड्या चटण्या, नवा गूळ, घट्ट दहीं किंवा मठ्ठा, बांधावरचीं बोरें, हरभऱ्याचा हुळा, उंसाचें कांडें: ही मांडणी लेबनानी वाट्यांच्या मांडणीहून कोणत्या बाबतींत कमी आहे? तेथेंहि कडधान्य, तीळ, दहीं व लसूणच आहे. लातूर-धाराशिवकडे व त्यांस लागून असलेल्या गांवांत वेळा अमावास्येस शेतांत कडब्याची खोप करून भज्जी, उंडे व आंबील यांचें जेवण घालतात. शेतांत पाहुणा बसविण्याची कला आपणांस कोणी शिकवावी अशी स्थिति नाहीं.

तथापि बाहेरचें घेण्यासारखेंहि आहे. अरबी ‘हुमूस’ शहरांतील मोठ्या दुकानांत डब्यांतून विकलें जातें. त्याची कृति अशी: पाव किलो काबुली हरभरा रात्रभर भिजवून बोटानें चुरडेल इतका मऊ शिजवावा. तीन-चार चमचे भाजलेले तीळ बारीक वाटून त्यांत घालावे. लसणाच्या दोन पाकळ्या, एका लिंबाचा रस व मीठ घालून, शिजवलेलें पाणी थोडें थोडें मिळवीत लोण्यासारखें वाटावें. वर तेल सोडून भाकरीच्या तुकड्याबरोबर द्यावें. देशी हरभऱ्याचेंहि होतें. मात्र सालें काढून टाकावीं लागतात. यांत आपल्या शेतांत न होणारें असें कांहींहि नाहीं. जो माल आपण पोत्यानें विकतों, तोच दुसरा वाटून डब्यानें विकतो.

हिरव्या सोयाबीनविषयीं मात्र सावधपणें बोललें पाहिजे. तेलासाठीं पेरलेलें नेहमींचें सोयाबीन लहान दाण्याचें व उग्र असतें. उकडून खाण्याचे मोठ्या दाण्याचे वाण निराळे आहेत, व ते मिळाल्यासच हा प्रयोग करावा. कच्चें सोयाबीन पचनास बाधक असतें, म्हणून शेंगा पुरत्या उकळल्याखेरीज तोंडांत घालूं नयेत.

हिशेब

आतां मुख्य गोष्ट. ४५ सेंटिमीटरच्या ओळींत १५ सेंटिमीटरवर एक ताट राखिलें तर एका गुंठ्यांत सुमारे १,५०० ताटें बसतात. त्यांतील ५०० पांखरें, खोडकिडा व खुरटलेलीं म्हणून सोडून द्या. उरलेल्या १,००० कणसांचा दर कणशीं अवघा ३० ग्रॅम हुरडा धरला तरी गुंठ्यास ३० किलो, व ५ गुंठ्यांस १५० किलो होतो. माणशीं पाव किलो धरल्यास तो ६०० माणसांस पुरेल. बियाणें एकरीं ४ किलो या मानानें ५ गुंठ्यांस फक्त अर्धा किलो लागतें.

हा अंदाज कागदावरचा आहे. आपल्या शेताचा खरा आंकडा आपणच काढावा. शेतांत निरनिराळ्या ठिकाणचीं एकसारखीं २० कणसें निवडून त्यांतील १० हुरड्यांत तोडावीं, व १० चिन्ह करून, फडकें बांधून, पिकूं द्यावीं. पहिल्या दहांच्या हुरड्याचें व दुसऱ्या दहांच्या धान्याचें वजन करावें. हुरडा ओला असल्यामुळें वजनांत भरतो, हें लक्षांत घ्यावें. मग हुरड्याच्या वजनास त्याच्या भावानें, व धान्याच्या वजनास त्याच्या भावानें गुणावें. हुरड्याच्या बाजूनें तोडणें, भाजणें, चोळणें, पाखडणें, गोवऱ्या व वाहतूक यांचा खर्च वजा करावा; धान्याच्या बाजूनें काढणी, खुडणी व मळणी यांचा. दोन्ही बाजूंस घरच्या माणसांची मजुरी धरण्यास विसरूं नये. ‘घरचींच माणसें आहेत’ म्हणून ती सोडून देण्याच्या संवयीनेंच आपले पुष्कळ हिशेब खोटे होतात. हुरड्याच्या बाजूस आणखी दोन जमा आहेत: शेत ३ आठवडे आधीं मोकळें होतें, आणि ताटें ओलीं असल्यामुळें चारा अधिक रुचकर मिळतो.

हा हिशेब करून पाहिल्यावर सर्व शेत हुरड्याचें करावें असें कोणी समजूं नये. हुरड्याचें गिऱ्हाईक मर्यादित आहे, व माल एका दिवसाच्या वर टिकत नाहीं. ज्याचें शेत रस्त्याच्या कडेस किंवा शहराजवळ आहे, ज्याच्याजवळ सावली, पाणी व चार चपळ हात आहेत, त्यानेंच विक्रीच्या नादीं लागावें. तेंहि प्रथम पांच गुंठ्यांपुरतें. इतरांनीं गांवांतील चार-पांच शेतकरी मिळून निरनिराळ्या तारखांस पेरून एका ठिकाणीं विक्री करावी. आणखी एक गोष्ट: शहराजवळ हुरड्याचे जे मोठे समारंभ होतात, त्यांत माणशीं पैसे घेतले जातात, व कणसें मात्र दुसऱ्याच्या शेतांतून विकत आणिलेलीं असतात. कणसें विकणाऱ्यानें भाव ठरवितांना तीं कणसें पोत्यावर न देतां नगावर किंवा किलोवर द्यावीं, व तोडणी कोणी करावयाची हें आधीं बोलून घ्यावें.

सावधगिरीच्या चार गोष्टी

पहिली, फवारणी. हुरड्याचा दाणा तुसासकट विस्तवावर जातो व न धुतां पोटांत जातो. म्हणून हुरड्याच्या तुकड्यावर कणसें निसवल्यावर विषारी औषध मारूं नये. मारावेंच लागलें, तर तो तुकडा धान्यास सोडून द्यावा.

दुसरी, गुरें. हुरडा तोडल्यावर बुडख्यांस जे कोंवळे फुटवे येतात, त्यांत, विशेषतः पाण्याचा ताण असल्यास, विषारी द्रव्य फार असतें. त्यानेंच गुरांस ‘किराळ लागते’. अशा शेतांत गुरें मोकळीं सोडूं नयेत. ताटें मुळासकट काढावीं, व चारा चांगला सुकवून घालावा. सुकल्यानें विषाचा जोर कमी होतो.

तिसरी, विस्तव. हुरड्याचे दिवस म्हणजे शिवारांत वाळलेल्या काडाचे दिवस. आगटी पिकापासून व गंजीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी. जवळ पाण्याची घागर भरलेली असावी. आणि उठतांना आगटींत पाणी ओतून माती टाकल्याखेरीज जागा सोडूं नये.

चौथी, खाणाऱ्याची प्रकृति. हुरडा हलका नाहीं. लहान मुलांस व वृद्धांस बेतानें द्यावा, आणि नीट न भाजलेला कोणासहि देऊं नये.

एक आक्षेप

कित्येक वडील मंडळींस हुरडा विकण्याची कल्पनाच रुचणार नाहीं. ‘शेतांत आलेल्या माणसास हुरडा देणें हा धर्म आहे, त्याचे पैसे घ्यावयाचे म्हणजे पाणी विकण्यासारखें आहे,’ असें ते म्हणतील. या म्हणण्यांत तथ्य आहे, व तें थट्टेनें उडवून देण्याजोगें नाहीं. ज्या गांवांत सोयरा, शेजारी व सालगडी एकाच आगटीभोंवतीं बसतात, तेथें तंटे वाढण्यास जागा कमी राहते. हें मोल कोणत्याहि भावांत बसत नाहीं.

परंतु विचार असा करावा. ज्वारी परवडत नाहीं म्हणून शेतकऱ्यानें ती पेरणेंच सोडलें, तर पाहुण्यास हुरडा देणार कोठून? धर्म पाळावयाचा तर पीक आधीं शेतांत उभें असलें पाहिजे; आणि पीक उभें राहावयाचें तर त्याच्या एखाद्या भागानें तरी रोकड आणिली पाहिजे. आलेल्या पाहुण्यांकडून पैसे घ्या, असें आमचें म्हणणें नाहीं. पाहुणा व गिऱ्हाईक हे दोन निराळे आहेत. पांच गुंठ्यांत चार पाभरी गिऱ्हाइकासाठीं पेरल्या तर पांचवी पाहुण्यासाठीं, सालगड्यासाठीं व वाटसरासाठीं राखावी, आणि तिच्यांतलें एकहि कणीस विकूं नये. सुरतेच्या बाजारास ही पांचवी पाभर ठाऊक नसेल. आपणांस ती ठाऊक आहे, हेंच आपलें अधिक.

येत्या रब्बींत ज्या सभासद बंधूंस शक्य असेल त्यांनीं गांवठी किंवा सुधारित, कोणत्याहि एका हुरड्याच्या वाणाचा लहानसा तुकडा तीन टप्प्यांत पेरावा, वर सांगितल्याप्रमाणें वीस कणसांचें वजन करावें, आणि खर्च-उत्पन्नाचे आंकडे मासिकाकडे पाठवावे. दहा गांवांचे खरे आंकडे एकत्र झाले, म्हणजे हुरडा केवळ हौसेचा कीं पोटाचाहि, याचा निकाल तर्कावर न लागतां तराजूवर लागेल.